लष्करासाठी तात्पुरते बंद होणारे आकाश: छोट्या विमानांच्या वैमानिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्कराच्या सरावासाठी हवाई क्षेत्र बंद होते, तेव्हा त्याची सूचना, म्हणजे नोटॅम, बहुतेक वेळा वेळेवर निघालेली असते. घोळ पुढे होतो. सूचना भलत्याच नावाखाली शोधली जाते, वेळ झुलूत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे हे विसरले जाते, उंची कशापासून मोजली ते कुणी पाहत नाही, किंवा डेस्कवर आलेला कागद इंजिन सुरू करणाऱ्या प्रशिक्षणार्थीपर्यंत पोचतच नाही. खालची बरीचशी उत्तरे या शेवटच्या टप्प्याबद्दल आहेत. बारामती, धुळे, जळगाव, गोंदिया किंवा नागपूरहून सेसना १५२, १७२ सारखी विमाने घेऊन क्रॉस-कंट्रीला (तळापासून दूरच्या उड्डाणाला) निघणारे वैमानिक आणि त्यांना सोडणारा ऑपरेशन्स डेस्क, असे दोन्ही वाचक डोळ्यांसमोर आहेत.

तात्पुरते लष्करी क्षेत्र कायमच्या क्षेत्रांपेक्षा वेगळे कसे?

भारताच्या एआयपीमध्ये, म्हणजे हवाई वाहतुकीच्या अधिकृत माहिती पुस्तिकेत, तीन प्रकारची क्षेत्रे दिलेली असतात: निषिद्ध (पी), प्रतिबंधित (आर) आणि धोक्याची (डी). नावाची पहिली दोन अक्षरे विभाग सांगतात. व्हीए म्हणजे मुंबईचा पश्चिम विभाग, व्हीआय उत्तर, व्हीई पूर्व आणि व्हीओ दक्षिण. निषिद्ध क्षेत्रात जायचेच नाही, प्रतिबंधित क्षेत्रात ठरलेल्या अटींवर जाता येते, आणि धोक्याच्या क्षेत्रात ठरावीक वेळी विमानाला धोका असू शकतो.

'तात्पुरते' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे नकाशावर आधीपासून छापलेले क्षेत्र नोटॅम काढून काही तासांसाठी सुरू करणे. दुसरी म्हणजे एखाद्या युद्धसरावासाठी किंवा क्षेपणास्त्र चाचणीसाठी नवाच चौकोन आखणे, जो कुठल्याच छापील नकाशावर नसतो. चुका मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात होतात, कारण तिथे डोळ्यांना आठवण करून देणारी रेघच नसते.

परदेशी कागदपत्रांत टीआरए आणि टीएसए ही नावे भेटतील. टीआरएमधून नियंत्रकाच्या परवानगीने पलीकडे जाता येते. टीएसए त्या वेळेपुरते एकाच वापरकर्त्याचे असते आणि त्यातून वाट मिळत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यात कुठे जास्त लक्ष ठेवावे लागते?

पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे आणि तिथले नियंत्रकही हवाई दलाचेच. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ. तिथे नौदलाच्या सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना बंद ठेवण्याची पद्धत अनेक वर्षे होती. ओझरला एचएएलचा कारखाना आणि धावपट्टी असल्याने चाचणी उड्डाणे होतात. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, तर अहिल्यानगरजवळ खारे कर्जुन्याची के. के. रेंज. शिवाय अरबी समुद्रात नौदलाचे गोळीबार सराव असतात, म्हणजे किनाऱ्याने जाणाऱ्यालाही सुटका नाही.

तोफांचा सराव जमिनीवरचा म्हणून हलका घेऊ नका. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा लांब पल्ल्याला जाताना काही हजार मीटर उंची गाठतो. सेसनाची नेहमीची उंची त्याच्या वाटेत येते.

सूचना किती दिवस आधी मिळते?

आंतरराष्ट्रीय नियमानुसार आधीच ठरलेले क्षेत्र सुरू करायचे असेल किंवा तात्पुरते निर्बंध लावायचे असतील, तर किमान ७ दिवस आधी कळवायचे असते. आणीबाणीच्या कारवाया याला अपवाद. ३ महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकणारा बदल असेल तर नोटॅमऐवजी एआयपीची पुरवणी निघते.

७ दिवसांचा अर्थ असा नाही की ७ दिवसांपूर्वी पाहिले की झाले. हवामान, तोफा पोचायला उशीर, लक्ष्य ओढणारे विमान नादुरुस्त, अशा कारणांनी वेळा शेवटच्या दिवशी सरकतात. आठवडाभर आधी पाहायचे ते मार्ग ठरवण्यासाठी. उड्डाण करायचे की नाही, ते इंजिन सुरू करण्याआधीच्या तासाभरात पाहिलेल्या यादीवर ठरवायचे.

विमानतळाचे नोटॅम पाहिले, त्यात काहीच नव्हते. तरी क्षेत्र बंद निघाले. असे कसे?

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. लष्करी क्षेत्राचा नोटॅम बहुधा विमानतळाच्या नावावर नसतो. तो संपूर्ण उड्डाण माहिती क्षेत्राच्या, म्हणजे एफआयआरच्या नावावर असतो. पुण्यासाठी व्हीएपीओ टाकून शोधले तर धावपट्टी, दिवे, पक्षी यांची माहिती येते. देवळालीचा गोळीबार मुंबई एफआयआरच्या व्हीएबीएफ या नावाखाली सापडतो.

म्हणून दर वेळी शोध असा घ्या: निघायचा विमानतळ, उतरायचा विमानतळ, प्रत्येक पर्यायी विमानतळ, आणि मार्ग ज्या ज्या एफआयआरमधून जातो ते सगळे. नागपूरहून पूर्वेला किंवा दक्षिणेला निघालात तर कोलकाता व्हीईसीएफ किंवा चेन्नई व्हीओएमएफही लागू शकतात. कोल्हापूरकडून कर्नाटकात उतरणाऱ्यांनीही सीमा नेमकी कुठे बदलते ते नकाशावर पाहूनच ठरवावे.

दुसरे कारण गाळणीचे, म्हणजे फिल्टरचे. ॲपमध्ये 'फक्त विमानतळ' अशी निवड केलेली असेल, तर हवाई धोक्याच्या सूचना यादीतून गुपचूप गायब होतात. यादी छोटी दिसली की आधी गाळणी तपासा. यादी कमी असल्याचा आनंद नंतर.

एक नोटॅम वाचून दाखवाल का?

हा नमुना आहे, खरी सूचना नव्हे. मूळ नोटॅम रोमन लिपीत असतो. इथे उच्चाराप्रमाणे लिहिला आहे.

क्यू) व्हीएबीएफ/क्यूआरटीसीए/आयव्ही/बीओ/डब्ल्यू/०००/१२०/१९१२एन०७४४०ई०१५
ए) व्हीएबीएफ
बी) २६०२१००३३०
सी) २६०२१२११३०
डी) रोज ०३३०-०५३० आणि ०९००-११३०
ई) तात्पुरते प्रतिबंधित क्षेत्र सुरू, पुढील बिंदू जोडून होणारे...
एफ) जमीन
जी) एफएल १२०

क्यू ओळ यंत्रासाठी असते, पण माणसालाही ती लवकर सावध करते. आधी एफआयआर. मग पाच अक्षरी कोड: क्यूनंतरची दोन अक्षरे विषय सांगतात, शेवटची दोन स्थिती. आरटी म्हणजे तात्पुरते प्रतिबंधित क्षेत्र, सीए म्हणजे सुरू झाले. हेच आरडीसीए असेल तर धोक्याचे क्षेत्र सुरू, आरआरसीए असेल तर प्रतिबंधित क्षेत्र सुरू. डब्ल्यूएमएलडब्ल्यू म्हणजे तोफा, रॉकेट किंवा क्षेपणास्त्रांचा मारा होणार. डब्ल्यूईएलडब्ल्यू म्हणजे युद्धसराव होणार. हे पाच कोड पाठ असले की पन्नास सूचनांच्या यादीतून कामाच्या तीन-चार पटकन बाजूला काढता येतात.

आयव्ही म्हणजे ही सूचना उपकरणांवर उडणाऱ्यांना आणि नजरेने उडणाऱ्यांना, दोघांनाही लागू. डब्ल्यू म्हणजे हवाई धोक्याची सूचना. ०००/१२० ही खालची-वरची पातळी, शेकडो फुटांत; जी ओळीतले एफएल १२० म्हणजे फ्लाइट लेव्हल १२०, साधारण १२,००० फूट. शेवटी मध्यबिंदू आणि १५ नॉटिकल मैलांची त्रिज्या.

बी आणि सी ओळीत वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट असे सलग दहा आकडे. २६०२१००३३० म्हणजे १० फेब्रुवारी २०२६, ०३३० झुलू, आपल्या घड्याळात सकाळचे ९.

खरी मेख डी ओळीत आहे. नुसते बी-सी वाचणाऱ्याला वाटेल की तीन दिवस आकाश सलग बंद. प्रत्यक्षात रोज सकाळी ९ ते ११ आणि दुपारी २:३० ते ५ एवढेच बंद आहे. मधले साडेतीन तास मोकळे. उलटी चूकही होते. डी ओळीतली पहिली जोडी वाचून '११ला संपले' म्हणत दुपारी निघणारे असतात.

बंदी ५:२९ला संपते अशी विचित्र वेळ का दिलेली असते?

कारण ती २३५९ झुलू आहे. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद केले, तेव्हा मुदत १५ मेच्या पहाटे ५:२९ पर्यंत जाहीर झाली होती. झुलूत तो १४ मेचा शेवटचा मिनिट.

यातून निघणारा सापळा तारखेचा. १८३० झुलूनंतर आपल्याकडे दुसरा दिवस सुरू होतो. १२ तारखेचे १९०० म्हणजे आपल्या १३ तारखेचे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. पहाटेच्या उड्डाणांना याचा फटका बसतो: सकाळी ५ची बंदी आदल्या तारखेच्या २३३० खाली लिहिलेली असते. वेळ बदलताना तारीखही बदलली का, हा प्रश्न दर वेळी वेगळा विचारा.

ॲपमध्ये मोठे वर्तुळ दिसते, पण मजकुरात चौकोन आहे. खरे काय?

ई ओळीतला आकार खरा. क्यू ओळीतले वर्तुळ फक्त शोधासाठी असते. सगळे क्षेत्र आत मावेल एवढे ते मोठे काढतात. क्षेत्र ६० मैल लांब आणि ४ मैल रुंद पट्टा असेल तर वर्तुळाची त्रिज्या ३० मैलांच्या वर जाते आणि अर्धा जिल्हा लाल दिसतो. अशी दोन-चार वर्तुळे 'खोटी' निघाली की वैमानिक लाल रंगाकडे पाहणेच सोडतो. वर्तुळ दिसले की ई ओळ उघडा आणि बिंदू हाताने मांडा.

बिंदू मांडताना एक बारीक चूक हमखास होते. १८३०३० म्हणजे १८ अंश, ३० मिनिटे, ३० सेकंद. दशांशात ते १८.५०८३ होते. कुणी ते थेट १८.३०३० असे टॅबलेटमध्ये टाकले, तर बिंदू सुमारे १२ नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास २३ किलोमीटर दक्षिणेला पडतो. नकाशावरचा चौकोन दिसायला अगदी व्यवस्थित, फक्त भलत्याच तालुक्यात. म्हणून मांडून झाल्यावर क्यू ओळीतला मध्यबिंदू आपल्या चौकोनाच्या साधारण मध्ये येतो का ते पाहा. दहा सेकंदांची तपासणी आहे.

उंचीच्या आकड्यांत कुठे फसायला होते?

दोन ठिकाणी.

पहिले, जमिनीपासून की समुद्रसपाटीपासून. लोहगावची जमीनच समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या थोडी वर आहे. क्षेत्राची वरची हद्द 'जमिनीपासून २००० फूट' असेल तर तिथे ती समुद्रसपाटीपासून ३९००च्या आसपास येते. अल्टिमीटरवर २५०० बघून 'मी वरून जातोय' म्हणणारा माणूस क्षेत्राच्या मधोमध असतो. घाटमाथ्यावर जमीन आणखी उंच, कोकणात जवळपास शून्य. एकाच आकड्याचा अर्थ सह्याद्री ओलांडताना बदलत जातो.

दुसरे, फ्लाइट लेव्हल. ती १०१३.२५ हेक्टोपास्कलवर मोजतात आणि आपण खाली क्यूएनएचवर, म्हणजे स्थानिक दाबावर अल्टिमीटर लावून, उडत असतो. पावसाळी हवेत क्यूएनएच १००३ असेल तर १० हेक्टोपास्कलचा फरक पडतो. एकाला साधारण २७-२८ फूट धरले तर एफएल ०५० ही पातळी क्यूएनएचवर ४७००च्या जवळ येते. तळ एफएल ०५० असलेल्या क्षेत्राखालून ४८०० फुटांवर जाणारा वैमानिक आत शिरलेला असतो, आणि त्याला ते कळतही नाही. कमी दाबाच्या दिवशी अशा क्षेत्राखाली ५०० फूट मोकळे ठेवा.

'ईएसटी', 'नोटॅमआर', 'नोटॅमसी' म्हणजे काय?

सी ओळीत ईएसटी असेल तर शेवटची वेळ अंदाजे आहे. ती वेळ उलटली म्हणून सूचना आपोआप संपत नाही; ती रद्द करणारी किंवा बदलणारी नवी सूचना यावी लागते. ईएसटी नसेल तर दिलेल्या वेळी ती आपसूक संपते.

आर म्हणजे जुन्याची जागा घेणारी, सी म्हणजे रद्द करणारी. दोन्हींना नवा क्रमांक असतो. सकाळच्या छापील कागदावर जुना क्रमांक आणि दुपारच्या यादीत नवा, असे दिसले तर कागद फाडून टाका. सुधारून ठेवू नका, पुढचा माणूस पेनाची खाडाखोड वाचणार नाही. रद्द होणे फायद्याचेही असते. मे २०२५ मधले ते ३२ विमानतळ मुदतीआधीच, १२ मेला उघडले. जुना कागद धरून बसणाऱ्याचे दिवस विनाकारण वाया जातात.

सूचना यादीतून गेली. मग क्षेत्र उघडले असे समजायचे का?

नाही. एआयपीची पुरवणी निघते तेव्हा तिच्याकडे लक्ष वेधणारा 'ट्रिगर' नोटॅम काढतात, आणि तो साधारण १४ दिवसच यादीत राहतो. पुरवणी मात्र चार महिने लागू असू शकते. पंधराव्या दिवशी यादी स्वच्छ दिसते आणि निर्बंध तसाच असतो. यासाठी डेस्कवर चालू पुरवण्यांची वेगळी फाइल हवी, आणि दर २८ दिवसांच्या एआयआरएसी चक्राच्या (एआयपीतले बदल लागू होण्याच्या ठरलेल्या वेळापत्रकाच्या) सुरुवातीला ती चाळायला हवी. पुरवणीत बहुधा नकाशा असतो. त्याची प्रत भिंतीवर लावा.

एफआयसी आणि एडीसी क्रमांक मिळाले. म्हणजे मार्ग मोकळा, असेच ना?

एफआयसी क्रमांक उड्डाण माहिती केंद्राचा. एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी. हवाई दलाच्या रडारवर दिसणारा ठिपका कुणाचा, हे ओळखण्यासाठी ती असते. तुमचा मार्ग प्रत्येक नोटॅमशी पडताळून पाहिला गेला, असा तिचा अर्थ नाही. क्रमांक मिळाला म्हणून गोळीबार थांबत नाही. आणि एडीसीशिवाय उडालात तर अडवले जाण्याची वेळ येऊ शकते, हे वेगळे.

टॅबलेटवरचा नकाशा पुरत नाही का?

त्यातला हवाई क्षेत्रांचा साठा सहसा २८ दिवसांनी बदलतो. कालच आखलेला चौकोन त्यात नसतो. तो थेट नोटॅममधून यावा लागतो, आणि त्यासाठी इंटरनेट लागते. हवेत ते धरून चालू नका. निघण्याआधी ताजी माहिती उतरवा, उतरवल्याची वेळ पडद्यावर तपासा, आणि महत्त्वाचे चौकोन कागदी नकाशावर ग्रीस पेन्सिलने काढून घ्या. लष्करी सरावात उपग्रह संकेतांमध्ये अडथळा आणण्याच्या चाचण्याही होतात. तसा नोटॅम असेल तर टॅबलेटवरचे विमानाचे चिन्हच खोटे बोलू शकते. मग नदी, रेल्वे, महामार्ग आणि घड्याळ.

क्षेत्राच्या कडेपासून किती लांब राहावे?

आमचे मत: नजरेने उडणाऱ्या प्रशिक्षणार्थीने ५ नॉटिकल मैल, एकट्याने पहिल्यांदा क्रॉस-कंट्रीला जाणाऱ्याने १०.

हिशेब असा. ११० नॉट वेगाने सेसना १७२ मिनिटाला १.८ मैल कापते, म्हणजे ५ मैल संपायला तीन मिनिटेही लागत नाहीत. दिशा ५ अंशांनी चुकली तर ६० मैलांनंतर तुम्ही ५ मैल बाजूला असता, आणि वाऱ्याचा अंदाज ५ अंशांनी चुकणे अगदी रोजचे आहे. समोरून ४२० नॉटने लढाऊ विमान येत असेल तर दोघांतले अंतर मिनिटाला जवळपास ९ मैलांनी घटते. ५ किलोमीटर दृश्यमानतेत ते दिसल्यापासून तुमच्याकडे सुमारे १८ सेकंद असतात. समोरून येणारे विमान त्यातला बराच वेळ काचेवरच्या डागाएवढेच दिसते.

आत शिरण्याचे सर्वांत सामान्य कारण मात्र ढग. एप्रिल-मे महिन्यात दुपारी घाटावर ढग उभे राहतात, वैमानिक बाजूने वळसा घेतो, आणि वळसा नेमका बंद क्षेत्राच्या दिशेने असतो. म्हणून मार्ग आखतानाच ठरवा: ढग आले तर वळायचे कुठल्या बाजूला, आणि त्या बाजूला जागा नसेल तर मागे फिरायचे कुठल्या गावावरून.

फ्लाइंग क्लबच्या डेस्कने नेमके काय करावे?

पहाटे, पहिल्या सॉर्टीच्या (उड्डाणाच्या) किमान एक तास आधी, एका माणसाने यादी काढायची. एफआयआरसकट, गाळणी न लावता. कागदावर काढल्याची वेळ हवी. त्याने प्रत्येक लष्करी सूचनेची वेळ भारतीय वेळेत, दोन्ही हद्दी समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत, आणि बिंदू नकाशावर उतरवायचे. मग दुसऱ्या माणसाने मूळ नोटॅम हातात घेऊन उलट दिशेने तपासायचे: नकाशावरून आकड्यांकडे. एकाच दिशेने दोनदा तपासले की पहिल्याची चूक दुसराही करतो.

भिंतीवर प्लास्टिकखाली मोठा नकाशा ठेवा. आजचे क्षेत्र लाल, उद्याचे निळे, आणि प्रत्येकाच्या आत नोटॅम क्रमांक व भारतीय वेळ. संपलेले क्षेत्र त्याच मिनिटाला पुसायचे. कालच्या लाल रेघा भिंतीवर राहिल्या की आजच्या रेघांचाही दरारा जातो.

यादी पुन्हा केव्हा काढायची? सॉर्टींच्या प्रत्येक तुकडीआधी, आणि दुपारी एकदा नक्की. नवी सूचना निघाली आणि विमाने वर आहेत, तर कोण कुठे आहे त्याच्या तक्त्यावरून ज्यांच्या मार्गाला ती लागते त्यांना रेडिओवर कळवायचे. तुमच्या पल्ल्याबाहेर असतील तर ज्या नियंत्रकाशी ते बोलत आहेत त्याला फोन करून निरोप द्यायचा. त्या फोनचे क्रमांक आधीच भिंतीवर हवेत. गरज पडल्यावर शोधायला बसलात तर विमान पोचलेले असेल.

एकट्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला 'नोटॅम पाहिलेस का?' असे विचारू नका, तो 'हो सर' म्हणणारच. 'आज तुझ्या मार्गाच्या सर्वांत जवळचे बंद क्षेत्र कुठले, किती वाजेपर्यंत, आणि ते तुझ्या कुठल्या हाताला राहील?' असे विचारा. उत्तर नकाशाला हात न लावता आले तरच सही.

व्हॉट्सॲप गटावर टाकले तर चालते का?

हाक मारायला चालते, पुरावा म्हणून नाही. अडचण फॉरवर्डची आहे. पडद्याचा फोटो तीन दिवसांनी दुसऱ्या गटातून परत येतो आणि ताजा वाटतो. पाठवायचेच असेल तर मजकूर टाइप करा, फोटो नको. त्यात या गोष्टी हव्यात: नोटॅम क्रमांक, ठिकाण, तारीख, दोन्ही वेळा, उंची कशापासून ते, कुठल्या मार्गावर परिणाम, पाठवणाऱ्याची आद्याक्षरे. उदाहरणार्थ:

"नोटॅम क्रमांक अमुक. के. के. रेंज परिसर. १० फेब्रु., ०९:००-११:०० आणि १४:३०-१७:०० भा.वे. (०३३०-०५३०, ०९००-११३० झुलू). जमीन ते एफएल १२०. बारामती-छत्रपती संभाजीनगर मार्ग पूर्वेकडून. यादी ०६:१०ला काढली. - स.प."

रद्द झाल्याचा संदेशही तितक्याच तपशिलाने पाठवा. नुसते 'क्लिअर' लिहिले तर कुठले क्लिअर, यावर वाद होतो.

हवेत असताना ताजी स्थिती कुणाकडून घ्यायची?

ज्या नियंत्रकाशी किंवा माहिती सेवेशी बोलत आहात त्याच्याकडून. प्रश्न मोघम नको. क्षेत्राचे नाव किंवा नोटॅम क्रमांक, तुमचे स्थान, उंची आणि तिथे पोचायची वेळ सांगून 'सुरू आहे का?' असे विचारा. उत्तर आले नाही तर क्षेत्र सुरूच आहे असे धरा. रेडिओवर शांतता आहे म्हणजे गोळीबार नाही, असे अनुमान कधीच काढू नका. तोफा नागरी वारंवारतेवर बोलत नाहीत.

चुकून आत शिरलो आहे असे लक्षात आले तर?

सर्वांत जवळच्या कडेकडे वळा. बहुधा ती तुम्ही आलात तीच असते. उंची उगाच बदलू नका. ज्याच्याशी बोलत आहात त्याला लगेच सांगा, कुणाशीच बोलत नसाल तर १२१.५ या आणीबाणीच्या वारंवारतेवर. ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारे यंत्र) चालू आणि उंचीसह आहे का ते पाहा, बंद तर मुळीच करू नका. वेळ लिहून ठेवा. उतरल्यावर स्वतःहून लेखी कळवा. लपवलेली घटना रडारच्या नोंदीतून बाहेर येते तेव्हा परवान्यावरची कारवाई टाळणे जास्त अवघड जाते.

शेजारी लढाऊ विमान आले तर काय करायचे?

ते तुमच्या किंचित वर, पुढे आणि सहसा डावीकडे येऊन पंख हलवेल. अर्थ: तुला अडवले आहे, माझ्या मागे ये. तुम्हीही पंख हलवा आणि मागे जा. १२१.५ वर स्वतःची ओळख, स्थान आणि उड्डाणाचे स्वरूप सांगा. वेगळी सूचना नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड. त्याने एखाद्या धावपट्टीवर घिरट्या घालून चाके खाली सोडली तर तिथे उतरायचे आहे. ९० अंश किंवा त्याहून जास्त वळत, वर चढत, तुमची वाट न कापता तो झटकन दूर गेला तर तुम्ही पुढे जाऊ शकता. ही खूण विद्यार्थ्यांना जमिनीवर करून दाखवा. वर असताना पुस्तक उघडायला वेळ नसतो.

दोन तासांच्या सरावासाठी आठ तास आकाश का अडवतात?

सोय म्हणून, आणि अंदाज चुकला तर पुन्हा परवानगी नको म्हणून. त्याची किंमत फक्त इंधनात मोजू नका. रोज 'सुरू' असलेले आणि रोज रिकामे दिसणारे क्षेत्र वैमानिकांचा विश्वास खाते, आणि मग खरोखर गोळीबार असलेल्या दिवशीही कुणीतरी कड कापून जातो. सराव करणाऱ्या तुकडीने डी ओळीत खऱ्या वेळा द्याव्यात आणि लवकर आटोपले तर लगेच रद्दचा नोटॅम काढायला सांगावे; याइतके सुरक्षिततेला उपयोगी दुसरे काही नाही.

नागरी आणि लष्करी वापर लवचीकपणे वाटून घेण्याची व्यवस्था भारतात आहे. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितले होते की देशाचे सुमारे ६० टक्केच हवाई क्षेत्र नागरी विमानांना मुक्तपणे मिळते, आणि निर्बंध सैल केल्यास वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांचा फायदा होईल. ती चर्चा मोठ्या विमानांच्या सरळ मार्गांची होती. छोट्या विमानाला हवी असते ती वेळेवर आलेली रद्दची सूचना.

दुसऱ्या देशांत हे कसे करतात?

स्वित्झर्लंडमध्ये दुसऱ्या दिवसाच्या बंद क्षेत्रांचे एक नकाशासह दैनिक पत्रकच निघते. छोट्या विमानांचे वैमानिक तेच पाहतात. ब्रिटनमध्ये काही धोक्याच्या क्षेत्रांसाठी 'सध्या सुरू आहे का' एवढे सांगणारी रेडिओ सेवा असते. अमेरिकेत लष्करी सराव क्षेत्रातून नजरेने उडणाऱ्याला परवानगीशिवाय जाता येते, फक्त चौकशी करून आणि डोळे उघडे ठेवून जावे अशी अपेक्षा असते. परदेशात शिकून परतलेल्यांनी ही सवय इथल्या प्रतिबंधित क्षेत्राला लावू नये. यंत्रणा कोलमडतेही: ११ जानेवारी २०२३ ला अमेरिकेची नोटॅम यंत्रणा बंद पडली आणि देशांतर्गत उड्डाणे काही काळ जमिनीवर थांबवावी लागली. आपल्याकडचे संकेतस्थळ उघडत नसेल तर फोनवर ब्रीफिंग घ्या. तेही मिळाले नाही तर थांबा.

कामशेत-पाचगणीचे पॅराग्लायडर आणि ड्रोनवाले यांनाही हे लागू आहे का?

नोटॅममधले निर्बंध आकाशाला असतात, विमानाच्या आकाराला नाही. पॅराग्लायडरकडे ट्रान्सपॉन्डर नसतो, रडारवर तो नीट दिसत नाही आणि वेगाने बाहेरही पडू शकत नाही. त्यामुळे टेकऑफच्या डोंगरावर सकाळी यादी पाहणारा एक ठरलेला माणूस असावा. ड्रोनसाठी सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे विभाग असतात. ड्रोन नियम २०२१ नुसार राज्य सरकार किंवा पोलिस यंत्रणा एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल जाहीर करू शकते. त्यामुळे काल हिरवी दिसलेली जागा आजही हिरवी असेल असे नाही. ड्रोन उचलण्याआधी नकाशा पुन्हा उघडा.